मी मधी पडलो

एका चांगल्या धडधाकट बाईचा मी पुरुष केला. तोही कोर्टाच्या कागदावर, खाली सही ठोकून, 'वरील भाषांतर अचूक व मुळाबरहुकूम आहे' असं वळणदार अक्षरात लिहून. वय तेव्हा एकसष्ट. म्हणजे अक्कल यायला वेळ कमी मिळाला अशातला भाग नाही. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते, आणि निवृत्त शिक्षिकेला होतो तो रोग मला जडला होता. जगातलं प्रत्येक वाक्य आपण तपासावं म्हणून खोळंबून बसलंय, असं वाटण्याचा.

नातवंडं विचारतात, "आजी, तू कधीच चुकली नाहीस?" मी ऐटीत "छे" म्हणते. मग शेवंताक्का आठवते आणि मी विषय बदलते.

शेवंताक्काला माझ्याकडे आणलं स्मितानं. स्मिता माझी विद्यार्थिनी, आता फौजदारी वकील. माझं घर राजारामपुरीत, तिचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. मराठी कागदांचं इंग्रजी करून हवं असलं की ती यायची आणि 'बाई, तुमच्याशिवाय कोण करणार?' म्हणायची. ह्या एका वाक्यावर मी वर्षभर फुकट राबले असते.

दारातून आधी आवाज आला. "चपला कुठं काढू?" एवढंच विचारलं, पण शेजारचा कुत्रा उठून बसला. मागून एक वाळकी, बुटकी बाई आत आली. माझ्याच वयाची असेल. तिनं मला नमस्कार केला नाही. सरळ पुढं येऊन माझ्या पदराचा एक सुटलेला दोरा चिमटीत धरला, हिसका न देता तोडला, तर्जनीला गुंडाळला आणि म्हणाली, "हितनं उसवाय लागलंय. बघा." पदर नवा होता. मला राग आला. नंतर पाहिलं तर खरंच तिथून उसवायला लागला होता.

इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडमध्ये तिनं उभा जन्म दोऱ्याच्या कांड्या भरल्या होत्या. सुटा दोरा दिसला की तिचा हात थांबत नसे. एसटीतल्या कंडक्टरच्या बाहीचा, पोलिसाच्या गुंडीचा, एकदा तर भर कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांच्या काळ्या डगल्याचा. ते दचकून मागं सरले. ही म्हणाली, "घाबरू नगा, गळा न्हाई धरत." तिच्या तर्जनीवर दोऱ्यानं पाडलेली खाच होती, पेन्सिल अडकून बसेल एवढी. आणि कान मागांच्या खटखटाटात गेलेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ही गावाला ऐकू जाईल असं बोलायची. पण समोरच्याचे ओठ मात्र वाचायची. शेडमध्ये सगळेच वाचतात, तिथं कानाचा उपयोग नसतो. मला हे कळायला दोन महिने लागले. तोवर मी स्मिताच्या कानाला लागून 'किती ओरडते गं ही!' असं चारदा म्हणून बसले होते.

"पाचदा," नंतर शेवंताक्कानं दुरुस्ती केली.

तिच्यावर ओढवलं होतं ते असं. तिचा एकुलता मुलगा सुभाष. मागांची दुरुस्ती करणारा जॉबर. गल्लीतल्या एकानं आपला टेम्पो ह्यांच्या दारात आडवा लावला, सुभाषनं काढायला सांगितलं, त्यानं लोखंडी दांडा काढला. सुभाष एका घावात पडला. तो माणूस टेम्पोपर्यंत चालत गेला. तेवढ्यात सुभाषची बायको नंदा धावत आली, सुभाषवर वाकली, त्याच्या डोक्यावर आपला उजवा हात धरला. आणि तो माणूस परत आला. त्यानं त्या हातावर दोन घाव घातले. सुभाष गेला. नंदाची बोटं राहिली, पण नुसती दिसायला. ती वहिफणीचं काम करायची, म्हणजे ताण्याचे हजारो धागे एकेक करून फणीच्या दातांतून ओवायचे. त्या बोटांना आता दोरखंडही धरता येत नव्हता.

शेवंताक्का त्या माणसाचं नाव घेत नसे. 'त्यो' म्हणायची. आणि ह्या 'त्यो'मध्ये जेवढी थुंकी मावेल तेवढी मावलेली असे.

खालच्या कोर्टानं त्याला सुभाषच्या मरणाबद्दल आठ वर्षं दिली, नंदाच्या हाताबद्दल पाच. आणि लिहिलं, आठ संपल्यावर पाच सुरू. 'त्यो' हायकोर्टात अपिलात गेला. गुन्हा केला नाही असं त्याचं म्हणणंच नव्हतं. म्हणणं एवढंच की सगळं एकाच झटापटीत झालं, तेव्हा दोन्ही शिक्षा एकदम भोगू द्या. पाच आठाच्या पोटात जातील.

हे शेवंताक्काला समजावून सांगायची जबाबदारी अर्थातच मी अंगावर घेतली. कागद घेतला, दोन रेषा काढल्या, एक लांब, एक आखूड. मग म्हटलं, समजा दोन आगगाड्या आहेत. मग आगगाड्या सोडून दोन नळ घेतले. पाऊण तास मी घाम गाळला. शेवंताक्का माझ्या ओठांकडे बघत बसली होती.

"झालं?" तिनं विचारलं. "म्हंजे चार माग एकदम चालवल्यागत. कापड चार मागांचं, पर पाळी एकच. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी चक्क व्हय म्हटलं.

"आनि दुसरं म्हंजे डबल पाळी. एक सपली की दुसरी."

स्मिता वहीत लिहून घ्यायला लागली. कायद्याची पाच वर्षं शिकलेली मुलगी.

"मग डबलच पायजे," शेवंताक्का म्हणाली. "माझं पोरगं त्यानं पयल्या पाळीत मारलं. टेम्पोपतूर गेला, म्हंजे पाळी सुटली. नंदाचा हात मोडाय त्यो परत कामावर आला. आता पाच आठात घातली तर नंदाचा हात कुनी मोडला? कुनीच न्हाई. आपसूक मोडला."

तिला हवं होतं ते एवढंच. वर्षं किती हा प्रश्नच नव्हता. पोराची शिक्षा वायली, सुनेच्या हाताची वायली. वायली म्हणजे वेगळी. हा शब्द तिनं माझ्या घरात इतक्यांदा उच्चारला की माझा नातू वरणभातसुद्धा 'वायला' मागायला लागला.

दुःखाचं प्रदर्शन मांडणं तिला जमायचं नाही, आणि इतरांना तेच हवं असायचं. 'पीडित' हा शब्द ऐकला की ती उसळायची. "पीडित म्हंजे पीडा असलेली का पीडा देनारी? आधी ठरवा." कुठल्याशा संस्थेची एक मुलगी छापील फॉर्म घेऊन आली होती, गुन्ह्याचा कुटुंबावर झालेला परिणाम भरून घ्यायला. झोप, भूक, भीती, निराशा, प्रत्येकापुढे चौकोन. दुःख एक ते दहा आकड्यांत सांगायचं. मुलगी बिचारी चांगली होती, डोळ्यांत पाणी आणून विचारत होती. शेवंताक्कानं फॉर्म उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "ह्यो काय मिसळणाचा डबा हाय? हळद हिकडं, जिरं तिकडं?" मग मुलीच्या ओढणीचा दोरा तोडला आणि तिला चहा पाजून परत पाठवलं.

'त्यो'ची आत्या एकदा समेटाला आली होती. झालं गेलं विसरा, म्हणाली, तुमचा गेला तसा आमचा पण आत गेलाय की. शेवंताक्का म्हणाली, "मग बदलून घ्या. तुमचा मला द्या, माझा तुमी जाऊन आना." आत्या चप्पल विसरून गेली. ती चप्पल शेवंताक्कानं गल्लीतल्या एकाच्या हाती परत पाठवली, वर निरोप, "पाय मोडला न्हाई तुमचा, घाला."

आता माझ्या पराक्रमाकडे येते. किती लांबवणार?

शिक्षा ठरवण्याआधी खालच्या न्यायाधीशांनी शेवंताक्काला विचारलं होतं, तुमचं काय म्हणणं आहे? ती जे बोलली ते कारकुनानं जसंच्या तसं उतरवलं होतं. सगळं मिळून पाच ओळी. "नंदा माझी वेणी घालायची. आता मी तिची घालतो. घरात एकच बोलनं. मी मधी पडलो, सोडवाय गेलो, डोक्यावर हात धरला, त्यो परत आला. दुसरं काय न्हाई."

हायकोर्टासाठी ह्याचं इंग्रजी करायचं होतं. ह्या पाच ओळींत ते घरातलं बोलणं नंदाचं आहे, हे कोल्हापुरात चार दिवस राहिलेल्या कुणालाही कळलं असतं. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, इथं अडतीस वर्षं काढलेली. इथल्या बायका आलो-गेलो-बसतो म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं! वर्गात मुलगी 'मी आलो' म्हणाली की 'का रे बाळू?' असं म्हणून सगळ्या वर्गाला हसवणारी शहाणी मीच. स्मिताकडून 'मी आले, मी गेले' शंभर वेळा लिहून घेतलेलं आहे. भांडी घासणाऱ्या बाईलासुद्धा मी सोडलं नव्हतं. ती हो हो म्हणायची आणि जाताना ओरडायची, "येतो हां बाई!"

तर मी वाचलं 'मी मधी पडलो'. पुल्लिंगी. म्हणजे बोलणारा पुरुष. म्हणजे सुभाष. म्हणजे, माझ्या चष्म्याआड दोन थेंबही जमले, हे मरत्या मुलाचे शब्द! दोन ओळी वर शेवंताक्का स्वतः 'मी तिची घालतो' म्हणते, ते मी मनातल्या मनात 'घालते' करून पुढे सरकले होते. तिथं नाही अडलं घोडं. इथं मात्र मी व्याकरण लावून ते बोलणं मुलाच्या तोंडी घातलं. आणि पाच ओळी फार कोरड्या वाटल्या म्हणून पदरचं एक वाक्य घातलं: माझ्या मुलाचे अखेरचे शब्द आमच्या घरात अजून घुमतात. ह्या 'घुमतात'साठी मी इंग्रजी कोशात अर्धा तास घालवला होता. खाली सही. अचूक व मुळाबरहुकूम.

स्मितानं ते वाचलंच नाही. बाईंचं इंग्रजी आपण कसं तपासायचं?

कागद मुंबईला गेला आणि पडून राहिला. शेवंताक्का मात्र वर्षातनं तीन-चारदा कोल्हापूरला यायची, हातकणंगल्यावरून येणाऱ्या एसटीनं. स्मिताकडे तारीख विचारायची, तारीख नसायची, मग माझ्याकडे चहाला. आल्या आल्या एकेक उसवण शोधून काढायची, पडद्यांची, गादीच्या खोळीची, यजमानांच्या बनियनची. यजमान ती आली की शर्ट चढवायचे. मी तिला मोठ्या मनानं इंग्रजी पेपरातल्या बातम्या सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमचे व्हट लई गोल हुत्यात इंग्रजी बोलताना. फुकल्यागत."

मग हायकोर्ट कोल्हापुरातच बसायला लागलं आणि एके दिवशी तारीख लागली. 'त्यो'ची आठ वर्षं संपायला जेमतेम काही महिने उरलेले. आता ठरायचं होतं, आठानंतर तो घरी जातो की पाच सुरू होतात.

मी जरीकाठाची साडी नेसून गेले. आपलं भाषांतर हायकोर्टात वाचलं जाणार! नंदा आली नव्हती. शेवंताक्का भिंतीकडेच्या बाकावर माझ्या शेजारी. समोर पलीकडे विरुद्ध बाजूचे वकील आपल्या सहकाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजले. शेवंताक्का मला म्हणाली, म्हणजे सगळ्या दालनाला म्हणाली, "वकील म्हनतोय, म्हातारी रडली की जज पाघळंल. सांगा त्याला, म्हातारी रडनार न्हाई."

वकिलांचा चेहरा पडला. शिपायानं बोट ओठांवर ठेवलं. शेवंताक्कानं त्याच्या बोटाकडे बघून मान डोलावली, जणू त्यानं काही शहाणपणाचं सांगितलं.

मग ते वकील उठले आणि माझं भाषांतर वाचायला लागले. सुंदर वाचलं हो. 'घुमतात' तर असं म्हटलं की मी मान खाली घालून लाजले. आणि पुढच्याच वाक्याला माझ्या पायाखालची फरशी गेली. ते म्हणत होते, पाहावं, मुलाच्या आईनंच सांगितलंय. मुलगा मध्ये पडला, सोडवायला गेला, स्वतःचं डोकं हातानं झाकलं. म्हणजे भांडण आधीच चाललेलं होतं, सगळे एकमेकांत गुंतलेले होते, त्यात सुनेच्या हाताला लागलं. सून साक्षीत काहीही सांगो, सासूच तिला खोटं पाडते आहे. परत येणं वगैरे काही नाही. एकच झटापट. शिक्षा एकत्र द्याव्यात.

गल्लीतले साक्षीदार तर केव्हाच फिरले होते. 'परत आला' म्हणणारी एकटी नंदा उरली होती. आणि तिला मी, अचूक व मुळाबरहुकूम, पुसून टाकलं होतं.

न्यायमूर्ती मराठी होते. त्यांनी मूळ कागद मागवला. वाचून मराठीत विचारलं, "हे 'मी मधी पडलो' मुलाचं बोलणं आहे?"

"न्हाई!" शेवंताक्का उठून उभी. छतावरचे पंखे थांबल्यासारखे वाटले. "पोरगं कशाला बोलंल? पोरगं पडलं ते पडलंच. नंदा म्हनती, मी मधी पडलो!"

"पण 'पडलो' लिहिलंय," विरुद्ध वकील म्हणाले. "नंदा असती तर 'पडले' म्हणाली असती. हे उघड पुल्लिंग आहे."

स्मिता उठली. मी शंभरदा लिहायला लावलेली स्मिता. "कोल्हापुरात नाही, महाराज. आमच्याकडे बायका अशाच बोलतात. भाषांतरात चूक झालीय. ती तपासण्याची जबाबदारी माझी होती."

मी काय केलं? मी उठून 'चूक माझी' म्हटलं का? मी जरीकाठाचा पदर डोक्यावरून घेतला आणि खांबाच्या आडोशाला सरकले. चौतीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवलेली मी.

न्यायमूर्तींनी क्षणभर स्मिताकडे बघितलं, मग शेवंताक्काकडे. आणि सहज, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "आजी, आज कधी आलात तुम्ही?"

"सकाळी नवालाच आलो की सायेब. बाहीर बसलोतो. च्या बी न्हाई घेतला."

दालनात हसू फुटलं. न्यायमूर्ती हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. विरुद्ध वकील खाली बसले. स्मितानं मग पाळीचं सगळं सांगितलं, चार माग आणि डबल पाळी, टेम्पोपर्यंत जाणं आणि परत कामावर येणं. आणि ती वेणीची ओळ तिनं मूळ मराठीतच वाचली. मी पाहिलं, न्यायमूर्तींची लेखणी त्या वेणीपाशी थांबली होती. माझ्या 'घुमतात'पाशी नाही.

निकाल काही आठवड्यांनी लागला. पाचाची चार केली. पण आठ संपल्यावर. वायली. स्मिता जरा हिरमुसली होती, एक वर्ष गेलं म्हणून. शेवंताक्का म्हणाली, "चार तर चार. कागदावर नंदाचा हात आला का न्हाई?"

"आला," स्मिता म्हणाली.

"मग बास."

त्या दिवशी नंदाही आली होती. मी त्या दोघींना स्टँडवर पोचवायला गेले. नंदा माझ्याशी दोन शब्द बोलली असेल. पुढं चालताना तिची वेणी दिसत होती. वाकडी, एका बाजूला ओढलेली, पण शेवटाला एकही केस सुटा नाही. टोकाला बारीक गाठ, कांडीच्या दोऱ्याला मारतात तसली, बोट फिरवलं तरी हाताला न लागणारी.

शेवंताक्का खिडकीशी बसली. आता तिला माघारी यायचं काही कारण उरलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. गाडी सुरू झाली होती, घरघरत उभी होती, मागं हुपरीच्या गाडीची घोषणा चालली होती. मला कितीतरी दिवस सांगायचं होतं ते चहाच्या कपापाशी जमलं नव्हतं, स्मितासमोर जमलं नव्हतं. इथं गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी धीर केला. आवाजसुद्धा काढला नाही, नुसते ओठ हलवले. शेवंताक्का, तो कागद माझाच होता. मी चुकले.

तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. गाडी हलली. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून, माझ्या पदराकडे हात करून, आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली:

"बाई, अजून 'चुकले'च म्हनताय व्हय? 'चुकलो' म्हना, मग सोडतो!"